सुतळीनं बांधलेला बंपर

गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. इंजिनाची घरघर आहेच, पण तिच्यावर चढून बसलेला दुसराच एक आवाज आहे. खडखड, खडखड. लग्नघरची भाड्याची भांडी टेम्पोतून परत निघावीत तसा. कडूनिंबाखाली बसलेले सात-आठ जण माना वळवतात. वळणावरून लाल गाडी येते. बुटकी, फार तर कमरेला लागेल एवढी. दोन दारं, दोन सीटा, लांब नाक, एमएच-१२ ची पाटी. पुढचा बंपर डाव्या अंगानं सुतळीनं बांधलाय. डावा हेडलाईट खाकी टेपच्या दोन पट्ट्यांवर अडकून आहे.

"आली बाप्पा नवरी," बाकड्यावरचा एक जण म्हणतो.

पोट्टे धावतात. ट्रॅक्टरवाला मात्र जागचा हलत नाही. सावलीतली जागा एकदा सुटली की सुटली.

परतवाडा. नवतपा लागून तीन दिवस झालेत. घड्याळात साडेदहा वाजलेत, पण ऊन दोन वाजताचं आहे. पारा ४४ च्या खाली यायला तयार नाही. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर आणि चार लोखंडी खांब, तीन बाजूंनी मोकळं. जमीन वर्षानुवर्षं ऑइल पिऊन काळी कुळकुळीत झाली आहे. शेजारी आरामशीन. मेळघाटातलं सागवान इथल्या डेपोत लिलावाला येतं, त्यातले काही ओंडके या मशीनवर येऊन पडतात. ओंडका पात्याला लागला की सगळी गल्ली किंचाळते. मग माणसं बोलणं अर्ध्यात थांबवतात, ओंडका संपू देतात आणि उरलेलं वाक्य पूर्ण करतात. कोणाला त्याचं काही वाटत नाही.

मी स्कूटर घेऊन आलोय. मागचा दिवा लागत नाही. अचलपूर शहरातून, दुल्हा दरवाज्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. शहर आणि हा परतवाडा कॅम्प, दोघांची नगरपरिषद एक, पण कामाच्या चाली दोन. शहरात माणूस आधी तब्येत विचारतो. इथं आधी गाडीची विचारतात. माझ्या पुढे ट्रॅक्टर आहे, चिखलदऱ्याच्या फेऱ्या मारणारी जीप आहे, संत्र्याचे कॅरेट वाहणारं पिकअप आहे. आणि आता ही.

गाडीतून पंचविशीतला एक पोरगा उतरतो. उतरतो म्हणजे आधी एक पाय बाहेर टाकतो, मग दाराला धरून स्वतःला वर ओढतो. विहिरीतून निघाल्यासारखा. पुण्यात नोकरी, घरची संत्र्याची बाग, परवा मोठ्या भावाचं लग्न. नवरदेव याच गाडीत बसणार आहे. पुण्याहून निघताना बंपर बरा होता म्हणतो. अमरावती सोडल्यावर पन्नासेक किलोमीटरांत त्यानं मान टाकली.

"बरेकर लागले असतीन," ट्रॅक्टरवाला पहिल्यांदा तोंड उघडतो.

बरेकर म्हणजे ब्रेकर, गतिरोधक. रस्त्याच्या नियमांत त्याचं माप दिलेलं आहे, उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. म्हणजे पसरट, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. गावातले लोक रात्रीतून घालतात तो वावराच्या धुऱ्यासारखा उभा असतो. ट्रॅक्टर त्यावरून डुलत जातो. या गाडीच्या पोटाखाली वीतभर जागा नाही. ती आधी नाक घासते, मग पोट घासते आणि जाता जाता बंपरची खालची कड मागे ओढून नेते. तसाही या भागाच्या वाटांना चाकांचा जाच जुना आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगडावर तोफा चढवल्या त्या या डोंगरांतूनच, माणसं लावून ओढत. त्या तोफांना निदान बंपर नव्हता.

चाचा येतात. साठीचे असावेत. खांद्यावर दस्ती, शर्टाच्या खिशात चपटा पेचकस, पेन लावतात तसा. गल्लीत सगळे त्यांना चाचाच म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठा जीपवालासुद्धा. ते गाडीभोवती एक चक्कर मारतात. काही विचारत नाहीत. मग तळहाताच्या टाचेनं गाडीला थापट्या मारत निघतात. बंपर, फेंडर, दाराखालची पट्टी, डिकी. टरबूज घेताना मारतात तशा. दर थापटीनंतर कान तिरपा. आरामशीनवर ओंडका चढतो तसे ते थांबतात. हात गाडीवर तसाच. ओंडका संपतो, पुढची थापटी.

"चार जागी बोलून राह्यली," ते सांगतात. "तीन सापडल्या."

"चौथी?"

"ते मशीन बंद पडू दे. मंग सांगतो."

बंपर उतरवायचा आहे. मला वाटायचं, एवढी मोठी वस्तू बोल्टांनी आवळलेली असेल. चाचांचा पोऱ्या गाडीखाली सरकतो आणि एकेक गोष्ट बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवतो. दोन बोल्ट निघतात. बाकीचा सगळा कारभार क्लिपांवर.

एक क्लिप मी हातात घेतो. करंगळीच्या पेराएवढी, काळी, प्लास्टिकची. डोकं छत्रीसारखं. खाली चार पाय, मध्ये एक खिळा. भोकात घालायची आणि खिळा दाबायचा. खिळा आत गेला की पाय फाकतात आणि आतून पत्र्याला धरून बसतात. काढताना खिळा अलगद वर उचलायचा, पाय मिटतात, क्लिप हातात येते. कागदावर असं. प्रत्यक्षात तिनं आठ-दहा उन्हाळे काढलेले असतात. उन्हानं प्लास्टिकमधला लवचीकपणा गेलेला असतो. पोऱ्या पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून खिळा उचलायला जातो आणि कट् असा आवाज येतो. डोकं हातात, पाय आत.

"जाऊ दे," चाचा म्हणतात. "मेलेलीच होती."

वर्तमानपत्रावर मोजदाद होते. बंपरला अकरा भोकं. धड क्लिपा चार. दोन जागी कोणीतरी लाकडाचे स्क्रू पिळलेत, एकात आगपेटीची काडी ठोकली आहे. उरलेली चार भोकं रिकामी. पोरगा वाकून पाहतो. त्यानं गाडी जुनी घेतली आहे, आधीच्या मालकाचे हे उपाय त्याला आजच कळतात. त्याचा चेहरा स्थळ पाहायला जाऊन खरं वय कळलेल्या माणसासारखा होतो.

नमुन्याची क्लिप घेऊन पोऱ्या निघतो. मीही त्याच्यामागे जातो, बसून बसून पाठ भिजली आहे.

रस्त्यावर पाय टाकला की डांबर चपलेला धरतं. डोक्याला दुपट्टा नाही असा माणूस दिसत नाही. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, तिच्यासमोर तीन मोटरसायकली. रेडियमवाला कात्रीनं 'आई' कापतो आहे, लाल अक्षरांत, कोण्या ऑटोच्या काचेसाठी. स्पेअर पार्टच्या दुकानात कूलर घोंगावतो आहे आणि त्याच्या ओल्या वाळ्यासमोर गिऱ्हाईक गरजेपेक्षा जास्त वेळ उभं राहतं. काउंटरवर बरण्या. गोळ्या-बिस्किटांच्या असतात तशाच, आत क्लिपा. दुकानदार नमुना डोळ्यांपुढे धरतो.

"सातचं भोक का आठचं?"

पोऱ्याला माहीत आहे. आठ मिलिमीटर. एका मिलिमीटरचा फरक. सातची क्लिप आठच्या भोकात घातली तर बसल्यासारखी वाटते आणि पहिल्याच बरेकरला निघून जाते. एक डझन मोजून घेतल्या जातात, पाच जास्तीच्या. "ह्या फुटतेच," पोऱ्या मला समजावतो. बारा-तेरा वर्षांच्या आवाजात चाचांची लकब आहे. मग स्वतःच सांगतो, शाळेला सुट्ट्या आहेत म्हणून इथं, चाचा आजोबा लागतात. दहा रुपयांचा बर्फगोळा घेतो आणि गॅरेज यायच्या आत संपवतो.

परत येतो तर हेडलाईट उतरून बाकड्यावर आलाय. त्याला तीन कान असतात, कान म्हणजे मागच्या बाजूचे बोल्टाचे पट्टे. एक कान तुटलाय. नवा हेडलाईट मागवायचा तर गाडी किती दिवस उभी राहील, याचा हिशेब कोणी मांडतसुद्धा नाही. चाचा तुटलेला कान जागी धरतात. पोऱ्या सोल्डरिंग आयर्न तापवतो. तांब्याच्या जाळीची एक चिंधी जोडावर ठेवली जाते आणि तापल्या टोकानं प्लास्टिकमध्ये दाबली जाते. प्लास्टिक वितळून जाळीच्या भोकांतून वर येतं. जखमेवर कापडाची पट्टी बसवावी तसं. त्यावर जुन्या बंपरच्या तुकड्याचं प्लास्टिक वितळवून भरलं जातं. जळक्या प्लास्टिकचा वास टिनाखाली कोंडतो. चाचा फुंकर मारत नाहीत. फुंकर मारली की वरून थंड होतं, आतून कच्चं राहतं, म्हणतात. थांबायचं.

थांबणं चालू आहे. गिला वडा येतो, द्रोणांत. दही या उन्हातही गार आहे, हे गाडेवाल्याचं कौशल्य. जीपवाला आपली जीप सोडून स्पोर्ट्स कारच्या सीटवर बसून बघतो, मग उठायला त्याला दोघांचे हात लागतात.

"याच्यात माणूस बसते का निजते?"

पोरगा हसतो. सकाळपासून पहिल्यांदा.

गाडीची बॉडी फायबरची आहे. मी बोटानं ठोकतो, पत्र्यासारखा टणत्कार नाही, बद्द आवाज. आपल्याकडच्या स्पोर्ट्स कारचा इतिहास छोटा आहे आणि त्यात फायबर बरंच आहे. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा नावाची उघडी, दोन सीटांची गाडी हातानं बांधली गेली, फायबरची बॉडी आणि इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहनमेळ्यात मुंबईकर डिझायनरची अवंती मांडली गेली तेव्हा तिच्याभोवती झुंबड होती. अशा गाड्या थोड्याच निघतात. पत्र्याची बॉडी करायची तर प्रत्येक भागाचे पोलादी साचे आणि दाबयंत्रं लागतात, त्यांचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला तरच परवडतो. फायबरचा साचा तुलनेनं स्वस्त. काचेच्या धाग्यांची चटई, वर रेझिन, वाळलं की अंग तयार. समोरची गाडी यांतली कोणती की तिसरीच, ते ती सांगत नाही. तिचा बिल्लाही कुठंतरी गळून पडलाय.

फेंडरच्या कडेला तडा आहे. तो मागच्या बाजूनं घासून, चटईचे दोन थर देऊन भरायचा. चहाच्या कागदी कपात रेझिन, त्यात हार्डनर. शंभर ग्रॅमला एक-दोन मिलिलिटर पुरतं. या उन्हात त्याहूनही हात आखडता. पोऱ्या कप उन्हात ठेवून ब्रश शोधायला जातो आणि परत येईपर्यंत कपातला माल खरवसासारखा थिजतो. कप हाताला चटका देतो. चाचा ओरडत नाहीत. कप घेतात, पोऱ्याच्या हातात देतात, तो फेकून येतो. दुसरा कप सावलीत, माठाशेजारी.

दीड वाजता चाचा हात धुतात. आधी रॉकेल, मग साबण, मग माती, मग पुन्हा साबण. टोपी घालतात. नमाजाला जातात. गॅरेज आपोआप शांत होतं. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीखाली आडवा होतो. पिकअपवाला कॅरेटवर. आरामशीन चालूच.

चाचा नाहीत तोवर वायरिंगवाला येतो. समोरच बॅटऱ्यांचं दुकान आहे त्याचं. तिशीचा, बारीक, कानाला मोबाईल चिकटलेला. त्याला मागचे दिवे दाखवले जातात. तक्रार अशी की ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा लागत नाही, उलट इंडिकेटर मिणमिणतो. इंडिकेटर लावला तर पार्किंगचा दिवा त्याच्या तालावर डोलतो.

"भूत हाये," पोरगा म्हणतो.

"भूतबित काई नाई. अर्थ गेला," वायरिंगवाला म्हणतो. अर्थ म्हणजे अर्थिंग. पण त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकायला फार भारदस्त वाटतं.

त्याच्याकडे टेस्ट लॅम्प आहे. पेचकसाच्या मुठीत बारका बल्ब, एका वायरीला मगरीच्या जबड्यासारखी क्लिप. क्लिप गाडीच्या अंगाला लावायची, टोक तपासायच्या वायरीला. बल्ब लागला तर करंट आहे. तो क्लिप डिकीच्या कडेच्या एका स्क्रूला लावतो. टोक होल्डरला. बल्ब लागत नाही. दुसऱ्या वायरीला लावतो. नाही. तिसऱ्या. नाही. फ्यूज पाहतो, धड आहे. पुन्हा येतो. मोबाईल खिशात जातो. कपाळाला आठी पडते. दहा मिनिटं जातात. आम्ही सगळे त्या न लागणाऱ्या बल्बकडे पाहतो आहोत.

मग त्याचा हात थांबतो. तो डिकीवर बोटानं ठोकतो. बद्द.

"अबे, हे तं प्लास्टिक हाये!"

पत्र्याच्या गाडीत दिव्याला एकच वायर पुरते. जायची वाट वायरीतून, परतीची वाट गाडीच्या अंगातून. त्याचा हात रोज पत्र्याच्या गाड्यांवर चालतो, ट्रॅक्टर, जीप, पिकअप. फायबर करंट नेत नाही. इथं प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर चेसीपर्यंत न्यावी लागते. तो लांब वायर घेऊन क्लिप थेट बॅटरीच्या मायनसला लावतो. टोक होल्डरला टेकवतो. बारका बल्ब भक्कन पेटतो आणि बाकड्यावरून "वाऽ" निघतं.

आता भूत सापडायला वेळ लागत नाही. दोन्ही मागच्या दिव्यांच्या परतीच्या वायरी एका बोल्टावर येतात. बोल्ट हिरवा झालाय, गंजानं धरलाय. करंटला परतायला वाट नाही. मग तो शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरतो, तिकडून वाट काढतो, आणि जाता जाता तिला अर्धवट पेटवतो. एका बल्बचं बारा व्होल्टचं जेवण दोघांत वाटलं जातं, पोट कोणाचंच भरत नाही. वायरिंगवाला बोल्ट काढतो, सँडपेपरनं चकाकेपर्यंत घासतो, नवा वॉशर, वर ग्रीसचा हात. पोरगा ब्रेक दाबतो. दोन्ही बाजूंना लाल. इंडिकेटर. टिक, टिक, टिक. मी उगाच घड्याळ लावून मोजतो, मिनिटाला ऐंशीच्या आसपास. साठ ते एकशेवीसच्या मध्ये असला की ठीक. एखादा बल्ब उडाला की बऱ्याच गाड्यांत हीच टिकटिक दुप्पट वेगानं धावते, चालकाला तेवढंच कळावं म्हणून.

हेडलाईटच्या होल्डरचा रंग मात्र वायरिंगवाल्याला आवडत नाही. पांढरा असायचा तो खारकेसारखा तपकिरी झालाय. बल्ब काढून वाचतो. १००/९० वॅट.

"हा कोणं लावला?"

पोरगा आधीच्या मालकाकडे, म्हणजे हवेत, बोट दाखवतो.

नियमातला बल्ब ६०/५५ वॅटचा. बारा व्होल्टला पाच अँपिअर खातो. हा आठाच्या वर खातो आणि वायर तीच, पाचाच्या हिशेबाची. वायर तापते, होल्डर भाजतो, आतला आरसा काळवंडतो, म्हणजे शेवटी उजेडही कमीच. नवा बल्ब येतो. वायरिंगवाला तो कागदात धरून बसवतो, काचेला बोट लावत नाही. बोटाचं तेल काचेवर राहिलं तर तिथंच ती जास्त तापते आणि तडकते. एवढा वेळ ऑइलात बरबटलेल्या हातांची ही काळजी पाहण्यासारखी आहे.

चाचा परत येतात. भूत पकडल्याची कथा त्यांना तीन जण तीन प्रकारे सांगतात.

ऊन कलायला लागतं तेव्हा बंपर चढतो. एका बाजूनं पोरगा, एका बाजूनं पोऱ्या, मध्ये चाचा गुडघ्यावर. आधी सगळ्या क्लिपा भोकांत नुसत्या टेकवायच्या. मग मधून सुरू करून कडांकडे दाबत जायचं. एका टोकाकडून सुरू केलं तर दुसऱ्या टोकाला भोक भोकासमोर येत नाही. टक्. टक्. टक्. हेडलाईट तीन कानांवर बसतो. पिवळी पडलेली काच पाणी लावून आधी हजारच्या, मग दोन हजारच्या पेपरनं घासलेली आहे, वर पॉलिश.

दाराखालची पट्टी उरली. ती डबल टेपवर बसते. स्पिरिटनं पुसायचं, बोट न लावता टेप लावायची, जोर देऊन दाबायचं. चाचा संपूर्ण पट्टीवर अंगठा फिरवतात, पुरणपोळीची कड दाबावी तसा.

"तीन दिवस धुवाची नाई. टेप पक्की धरते मंग."

"परवा लग्न आहे चाचा."

चाचा विचार करतात. "वरातीत गाडी कितीक पळते?"

"चालतच असते."

"मंग जमते. पण फुलं बोनेटवर लाव, खाली पट्टीले नको. अन् पोट्टे दाराले लटकले नाई पाह्यजे."

सहा-सव्वासहा. पैशाचं बोलणं होतं, मी मुद्दाम चहाकडे जातो. परत येतो तर गाडी समोरच्या लाकडाच्या गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभी. आता दिव्यांची नजर लावायची. चाचा टेपनं हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजतात, मग भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं रेघ ओढतात. तिच्या दोन इंच खाली दुसरी. गाडी पंचवीस फुटांवर. टायरमधली हवा पाहिली. दोघांना आत बसवलं, कारण माणसं बसली की नाक वर होतं. त्या दोघांत एक मी आहे. आत शिरल्यावर रस्ता गुडघ्यांच्या उंचीवर दिसतो. भिंत, खडू, चाचांचे पाय.

अंधार पुरेसा होईपर्यंत थांबतो. इंजिन चालू, पाय थिरथिरतात. आणि गाडीत कुठंतरी बारीक आवाज. टिक... टिक-टिक. चौथा.

चाचांनाही ऐकू येतो. ते डिकीपाशी जातात, आरामशीन किंचाळते, ते परत येतात. पुन्हा जातात.

तेवढ्यात लाईन जाते.

कूलर थांबतात. रसवंती थांबते. आरामशीन एक लांब उसासा टाकत पातं सोडते. सबंध गल्लीत अशी शांतता होते की कोण्या घरातली फोडणी ऐकू यावी. चाचा हात वर करतात. पोरगा इंजिन बंद करतो. चाचा गाडीच्या कडेला दोन्ही हात टेकवून तिला हळूच हलवतात, पाळणा हलवावा तशी. टिक. पुन्हा. टिक-टिक. ते बसतात, उजव्या दाराखालच्या पट्टीला कान लावतात. जमिनीला गाल टेकलाय.

"पेचकस."

पट्टीच्या खालच्या भोकातून पाणी जायची जागा असते. चाचा तिथं टोक घालून हलवतात आणि त्यातून क्लिपेचं एक तुटकं डोकं घरंगळत बाहेर येतं. जुनं, पांढुरकं, कुण्या आधीच्या मिस्त्रीनं आत पाडलेलं. चाचा ते खिशात टाकतात.

मग हेडलाईट लागतात. भिंतीवर दोन उजेड. डावा थेट छपरावर. एकावर गोणपाट टाकून दुसरा लावायचा, असं एकेक. पोऱ्या मागचा स्क्रू पिळतो, उजेड भिंतीवरून पाण्यासारखा खाली उतरतो.

"आन... आन... बस. अर्धा आटा मांगं."

उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर येऊन थांबते. डाव्या अंगाला ती किंचित वर चढते, रस्त्याच्या कडेचा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडे खाली, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. पोरगा खाली उतरून लांबून पाहतो. मोबाईलवर फोटो काढतो. निघायला दार उघडतो.

"थांब न राज्या," ट्रॅक्टरवाला उठतो. सकाळपासूनची झोप त्याच्या आवाजात आहे. "माह्या ट्रॉलीले मागं दिवाच नाई. लाईन नाई आली तं मी असाच जाऊ काय वावरातून?"

पोरगा घड्याळ पाहतो. घरी हळद आहे आज. मग गाडीत बसतो, मागे-पुढे करून नाक ट्रॉलीकडे वळवतो. ट्रॉलीची मागची फळी दोन इंच खालच्या नेमक्या उजेडात येते. गंज, चिखल, दिव्याच्या जागी एक भोक आणि लोंबणाऱ्या दोन वायरी. वायरिंगवाला खाली बसतो. टेस्ट लॅम्पची क्लिप ट्रॉलीच्या लोखंडाला लावतो, टोक वायरीला. बारका बल्ब पहिल्या झटक्यात पेटतो.

"हे पाय. हे खरं लोखंड."

पोऱ्या रेडियमची लाल पट्टी कापतो आहे. माझी स्कूटर तिच्या पलीकडे उभी आहे, अजून नंबर आलेला नाही. पोरगा काच खाली करून विचारतो, बॅटरी उतरेल का.

"इंजिन चालू ठेव," चाचा म्हणतात. "अन् बरेकवरचा पाय काढ, मले पाठीमागून उजेड नको."